लाल दिवा काय सांगत होता?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने विजेवर चालणारी मोटार घेतली. गाडीबरोबर आलेला चार्जर त्यांनी गाडी उभी करायच्या जागेतल्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला जोडला, तर त्यावर लाल दिवा लागला आणि गाडी काही चार्ज होईना. माहितीपुस्तिका उघडली. लाल दिव्यापुढे एवढेच लिहिले होते की, अर्थिंगमध्ये दोष आहे, पात्र तंत्रज्ञाशी संपर्क साधावा. तंत्रज्ञ म्हणजे घरचा नेहमीचा वायरमन. तो आला, त्याने सॉकेट उघडले आणि दहा मिनिटांत हिरवा दिवा लागला. ‘अर्थिंग येत नव्हतं, करून दिलं,’ असे सांगून तो गेला. सगळ्यांना बरे वाटले.

काही दिवसांनी आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना हा विषय निघाला. दहा मिनिटांत अर्थिंग कसे झाले, याचे आम्हांला नवल वाटले. मुख्य स्विच बंद करून सॉकेट उघडून पाहिले, तेव्हा आत दोन-अडीच इंचांचा तारेचा तुकडा दिसला. न्यूट्रलचा स्क्रू आणि अर्थचा स्क्रू त्याने एकमेकांना जोडलेले होते. खरी अर्थची तार त्या सॉकेटपर्यंत आलेलीच नव्हती.

हा तुकडा किती घातक आहे ते पुढे पाहू. तो पाहताच वायरमनचा राग आला; पण विचार करता वाटले की, त्याने सांगितलेले काम केले होते. त्याला लाल दिवा हिरवा करायला सांगितले, त्याने तो केला. लाल दिवा नेमके काय सांगत होता, हे घरच्यांना ठाऊक नव्हते आणि पुस्तिकेने ते सांगितलेही नव्हते. म्हणून आम्ही ती पुस्तिका आणि हाती आलेल्या तिच्यासारख्या आणखी काही पुस्तिका पाठ्यपुस्तक तपासावे तशा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्या. येथे जे लिहीत आहोत ते कोणा एका कंपनीच्या पुस्तिकेविषयी नाही, तर या लेखनप्रकाराविषयी आहे. त्यातला काही दोष आपल्या, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्यांच्या पदरातही पडतो.

जमेची बाजू

प्रथम या पुस्तिकांचे जे चांगले आहे ते सांगायला हवे. त्यांतल्या सूचना बहुतेक बरोबर असतात. चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्या, योग्य जाडीची तांब्याची तार वापरा, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका, सैल सॉकेटमध्ये प्लग घालू नका, आरसीसीबी बसवा, काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या. यातली एकही सूचना अनाठायी नाही. भारतीय मानक ब्यूरोने विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी १७०१७ या क्रमांकाची मानकांची मालिका काढली आहे. घरच्या किंवा कार्यालयाच्या असलेल्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करायला हरकत नाही, हे केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले.

घरी गाडी चार्ज करण्याची कल्पनाही काही कालपरवाची नाही. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ साली पाऱ्याच्या वाफेचा एकदिशकारक तयार केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या मोटारघरांत तसले एकदिशकारक बसवून विजेच्या गाड्या घरीच चार्ज केल्या जात. आपल्याकडे २००१ साली बंगळूरहून आलेली ‘रेवा’ घरातल्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटवरच चार्ज होत असे. म्हणजे वस्तू जुनी आहे. मात्र ती आता घराघरांत येत आहे आणि तिच्याबरोबर येणारे वाचनसाहित्य तिच्या तोडीचे नाही.

‘चार्जर’ या नावापासून गैरसमज

भिंतीवरच्या पेटीला पुस्तिका ‘चार्जर’ म्हणते. खरे तर प्रत्यावर्ती विजेच्या घरगुती पेटीत विद्युतघट चार्ज करणारे काहीच नसते. प्रत्यावर्ती धारेचे एकदिश धारेत रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीतच बसवलेला असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे सुरक्षिततेची तपासणी करून मगच चालू होणारा एक शहाणा स्विच होय.

हे न सांगितल्यामुळे दोन चुका होतात. पहिली चूक पैशांची. समजा, गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे आणि विद्युतघटाची क्षमता ३० किलोवॅट-तास आहे. रिकामा घट भरायला नऊ तासांहून अधिक वेळ लागणार. वेळ वाचावा म्हणून मालक भिंतीवर ७.४ किलोवॅटची पेटी बसवतो आणि तरीही नऊ तासच लागतात, कारण वेग ठरवणारा भाग गाडीत आहे. दुसरी चूक दोष शोधण्याची. गाडी चार्ज झाली नाही की माणूस पेटीला दोष देतो. दोष गाडीत, तारेत किंवा घराच्या वायरिंगमध्येही असू शकतो, हे त्याच्या मनात येत नाही.

सूचना आहे, कारण नाही

पुस्तिकेत ‘हे करू नका’ अशी लांबलचक यादी असते, पण एकाही ओळीपुढे ‘कारण’ हा शब्द नसतो. वाचणारा म्हणतो, ‘याच सॉकेटवर दहा वर्षे गीझर चालला, मग गाडी का चालणार नाही?’ प्रश्न रास्त आहे. गीझरही १० ते १५ ॲम्पिअर घेतो. पण पाणी तापले की थर्मोस्टॅट त्याला वीस-पंचवीस मिनिटांत बंद करतो. गाडी मात्र तेवढीच धारा सलग आठ-नऊ तास घेते.

येथे दहावीचे सूत्र वापरून पाहू. सॉकेटमधला एक स्क्रू किंचित सैल आहे आणि तेथे फक्त ०.१ ओहम रोध निर्माण झाला आहे, असे समजा. विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १५ गुणिले १५ गुणिले ०.१, बरोबर २२.५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची लहान इस्तरी साधारण २५ वॅटची असते. म्हणजे सॉकेटच्या आत, प्लॅस्टिकला लागून, तशी एक इस्तरी रात्रभर तापत ठेवली आहे. तोच सैल स्क्रू ५ ॲम्पिअरला फक्त अडीच वॅट उष्णता देतो आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. एवढे एक उदाहरण पुस्तिकेत छापले असते, तर ‘सैल सॉकेट वापरू नका’ ही ओळ वाचकाने गांभीर्याने घेतली असती.

तारेच्या जाडीचेही तसेच. मीटर ते गाडी ३० मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तार होते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत तिचा रोध सुमारे ०.४१ ओहम भरतो. १५ ॲम्पिअरला ६ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि सुमारे ९३ वॅट उष्णता होते. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हा आकडा ५८ वॅटवर येतो. संध्याकाळी आधीच दाब उतरलेला असतो; त्यात हे व्होल्ट वजा झाले की पेटी ‘दाब कमी’ म्हणून थांबते. मग लोक म्हणतात, ‘चार्जर खराब निघाला.’

पेटी आणि गाडी यांचे बोलणे

पुस्तिकेत सर्वांत जास्त राहून गेलेली गोष्ट आम्हांला सर्वांत सुंदर वाटते. प्लग गाडीत घालताच वीज वाहू लागत नाही. आधी पेटी आणि गाडी एका बारीक तारेवरून एकमेकींशी बोलतात. पेटी त्या तारेवर १२ व्होल्ट ठेवते. गाडीत त्या तारेपासून अर्थच्या तारेपर्यंत २.७४ किलोओहमचा रोध असतो, आणि पेटीत आधीच १ किलोओहमचा रोध जोडलेला असतो. दोन रोधांत दाब विभागला जातो आणि १२ चे ९ व्होल्ट होतात. पेटीला कळते की गाडी जोडली गेली. गाडी तयार झाली की ती आणखी एक रोध समांतर जोडते आणि दाब ६ व्होल्टवर येतो. पेटीला कळते की गाडी वीज घ्यायला सिद्ध आहे. तेव्हा कुठे आतला मोठा स्विच चालू होतो.

पेटीही गाडीला निरोप देते. ती त्या तारेवर सेकंदाला १००० वेळा वरखाली होणारी चौकोनी लहर सोडते. लहर शेकडा किती काळ वर राहते, त्याला ०.६ ने गुणले की किती ॲम्पिअर घ्यायला परवानगी आहे ते मिळते. शेकडा १० म्हणजे ६ ॲम्पिअर, शेकडा ५० म्हणजे ३०. हे गुणोत्तर शेकडा ८५ पर्यंत लागू पडते.

या बोलण्याचा परतीचा मार्ग अर्थच्या तारेतून जातो, हे येथे महत्त्वाचे आहे. गाडीपर्यंतची अर्थची तार तुटली तर दाब ९ व्होल्टवर येतच नाही आणि पेटी वीज सोडत नाही. शिवाय बहुतेक पेट्या घराच्या बाजूचे अर्थिंगही तपासतात. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये अपेक्षित दाब मिळतो का, ते पाहतात. फ्रिज, गीझर, इस्तरी यांनी कधी आपल्याला अर्थिंग आहे का, असे विचारले नाही. ते नसतानाही ती वर्षानुवर्षे चालली. घराला हा प्रश्न विचारणारे कदाचित हे पहिलेच उपकरण असेल. म्हणजे तो लाल दिवा पेटीतल्या बिघाडाचा नव्हता. घराच्या वायरिंगमध्ये कित्येक वर्षे असलेला दोष त्याने पहिल्यांदा दाखवला होता.

धड्यात राहिलेले

आता आपल्याकडे वळू. शालेय पुस्तकांत अर्थिंगचा धडा साधारण असा असतो: फेजची तार उपकरणाच्या पत्र्याला लागली तर मोठी धारा अर्थच्या तारेतून जमिनीत जाते, वितळतार वितळते आणि माणूस वाचतो. धडा येथे संपतो. यात चूक नाही, पण एक गृहीत लपलेले आहे. ते असे की, जमिनीत जाण्याचा मार्ग फार कमी रोधाचा आहे.

अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला आहे आणि त्या सबंध मार्गाचा रोध ५० ओहम आहे, असे समजा. ओहमच्या नियमाने धारा २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ ॲम्पिअर. १६ ॲम्पिअरची वितळतार वितळणार नाही आणि एमसीबीला तर काही झाल्याचे कळणारही नाही. पत्रा धोकादायक दाबावर तसाच राहील. घरगुती वापरातली १६ ॲम्पिअरची ‘सी’ जातीची एमसीबी तत्काळ पडेलच अशी खात्री हवी, तर १६० ॲम्पिअर धारा लागते. म्हणजे सबंध मार्गाचा रोध १.४ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा.

म्हणूनच आरसीसीबी लागते. ती किती धारा वाहते हे पाहत नाही. फेजमधून गेलेली न्यूट्रलमधून परत आली का, एवढेच पाहते. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला तरी ती पडते. वरच्या उदाहरणात फरक ४६०० मिलिॲम्पिअरचा आहे. पुस्तिकेत तिच्या जातीचाही उल्लेख असतो, पण कारण नसते. गाडीतल्या एकदिशकारकामुळे गळतीत एकदिश धारेचा अंश येऊ शकतो. त्याने आरसीसीबीतला लोखंडी गाभा संपृक्त होतो आणि साधी ‘एसी’ जातीची आरसीसीबी आंधळी बनते. म्हणून पुस्तिका सांगेल ती ‘ए’ किंवा ‘बी’ जातच घ्यायची. अनेक पेट्यांत ६ मिलिॲम्पिअर एकदिश गळती ओळखण्याची सोय आतच असते.

जुनी ‘बल्ब-चाचणी’ही तपासून पाहण्यासारखी आहे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा; तो लख्ख लागला तर अर्थिंग उत्तम, असे मानतात. त्या बल्बचा रोध ५२९ ओहम आहे. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी बल्बला सुमारे २१० व्होल्ट मिळतात आणि तो जवळजवळ पूर्ण प्रकाश देतो. म्हणजे वाईट अर्थिंगही या परीक्षेत पास होते. हे गणित फळ्यावर करावे. प्रयोग मात्र कोणी करू नये.

तो तारेचा तुकडा

आता त्या तुकड्याकडे परत येऊ. पेटीने फेज आणि अर्थ यांमधला दाब मोजला. अर्थच्या जागी न्यूट्रलच जोडलेले असल्याने तो २३० व्होल्ट भरला. पेटी फसली, दिवा हिरवा झाला. पण आता गाडीचा पत्रा न्यूट्रलला जोडला गेला.

समजा, पावसात मीटरजवळ किंवा खांबावर न्यूट्रल तुटले. घरातले दिवे बंद पडतात, पण त्यांचे स्विच चालूच असतात. त्या दिव्यापंख्यांतून फेजचा दाब तुटलेल्या न्यूट्रलवर येतो आणि तुकड्यातून गाडीच्या पत्र्यावर. पेटीतला स्विच बंद असला तरी उपयोग नाही, कारण अर्थची तार त्या स्विचमधून जात नाही. टायर रबराचे असल्याने दाब जमिनीत उतरतही नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कोणी गाडीच्या दाराला हात लावला, की त्याच्या शरीरातून मार्ग पुरा होतो. त्या घरात आरसीसीबी नव्हती. आणखी सोपी शक्यता म्हणजे पुढे कधीतरी वायरिंगच्या कामात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होणे. मग काही तुटायचीही गरज नाही. प्लग घालताच सबंध गाडी २३० व्होल्टवर जाते.

त्या कुटुंबाने तुकडा काढून टाकला, मीटरपासून तिन्ही तारांची स्वतंत्र लाइन ओढून घेतली, खड्डा नव्याने केला आणि आरसीसीबी बसवली. खर्च झाला. पण तो चार्जरचा खर्च नव्हता. घर बांधतानाच व्हायला हवा होता.

तक्ता कसा असावा

पुस्तिकेच्या शेवटी ‘अडचण आणि उपाय’ असा तक्ता असतो. त्यात डाव्या बाजूला दिव्यांचे रंग आणि उजव्या बाजूला बहुतेक ओळींत सेवाकेंद्राशी संपर्क साधण्याचा सल्ला. आमच्या मते तक्त्याने आधी दोष कोठे आहे हे शोधायला शिकवावे.

पेटीवर एकही दिवा नसेल तर पुरवठा पाहावा. भिंतीत प्लग घालताच, गाडी जोडण्याआधीच, लाल दिवा लागत असेल तर दोष घराच्या बाजूला आहे: अर्थिंग, फेज-न्यूट्रलची अदलाबदल किंवा दाब. अशा वेळी खात्रीच्या दुसऱ्या सॉकेटवर पेटी लावून पाहावी. तेथे हिरवा दिवा लागला तर पेटी निर्दोष. गाडी जोडल्यावरच लाल दिवा येत असेल तर केबल, तिच्या टोकातली ओल किंवा गाडी यांवर संशय घ्यावा. चार्जिंग सुरू होऊन तासा-दोन तासांनी थांबत असेल तर उष्णता किंवा उतरलेला दाब हे कारण असू शकते. वीज बंद करून, प्लग काढून, त्याच्या पिना काळवंडल्या आहेत का ते पाहावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर अर्थिंगचा दिवा लागत असेल, तर बऱ्याचदा त्या यंत्राचे न्यूट्रल जमिनीशी जोडलेले नसते, म्हणून पेटीला अपेक्षित दाब मिळत नाही. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर गळती शोधावी. आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे.

एवढे एका पानात मावते. सॉकेट उघडणे, तारा बदलणे ही कामे परवानाधारकाचीच आहेत. पण त्याला बोलावताना ‘दिवा हिरवा करून द्या’ असे न म्हणता ‘या सॉकेटला अर्थची तार येते का आणि खड्ड्याचा रोध मोजून किती भरतो ते सांगा’ असे म्हणता आले, तर काम वेगळे होते.

वर्गात करण्याजोगे

पेटी आणि गाडी यांचे बोलणे वर्गात निर्धोकपणे करून दाखवता येते. दीड व्होल्टचे आठ घट एकसर जोडून १२ व्होल्ट घ्या. त्यात १ किलोओहमचा एक रोध आणि २.७ किलोओहमचा दुसरा रोध एकसर जोडा. दुसऱ्या रोधाच्या टोकांना मल्टिमीटर लावा. तो सुमारे ८.८ व्होल्ट दाखवील. आता १.३ किलोओहमचा रोध या दुसऱ्या रोधाशी समांतर जोडा; दाब ५.६ च्या आसपास उतरेल. प्रत्यक्ष गाडीत एक डायोडही असतो, त्यामुळे तेथे आकडे ९ आणि ६ येतात. मल्टिमीटर घटांच्या ऋण टोकाला आणि १ किलोओहमच्या पुढच्या बिंदूला तसाच ठेवून, गाडीच्या बाजूची परतीची तार सोडवा. काटा पुन्हा १२ वर जाईल. ही सोडवलेली तार म्हणजे अर्थ. ‘आता पेटीने वीज सोडावी का?’ असे मुलांना विचारा. उत्तर ती स्वतःच देतील.

यात नवे सूत्र एकही नाही. ओहमचा नियम आणि रोधांची जोडणी एवढेच आहे. पण हा प्रयोग केलेला विद्यार्थी उद्या वायरमन होईल, पुस्तिका लिहिणारा अभियंता होईल किंवा नुसता गाडीचा मालक होईल. त्याच्यासमोर लाल दिवा लागला, तर तो कसा विझवावा याआधी तो का लागला, हे त्याने विचारावे. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी तेवढी एक ‘कारण’ नावाची चौकट वाढवावी आणि आपण अर्थिंगचा धडा वितळतारेपाशी न थांबवता खड्ड्याच्या रोधापर्यंत न्यावा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सॉकेटला अर्थची तार आली आहे का, हे परवानाधारकाकडून एकदा तपासून घेण्यापासूनच सुरुवात करायला हरकत नाही.